दुपारची रीडिंगं

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला वळला की मी दूध बोटावर घेऊन बघते. जवळच्या दापोरा गावाहून केळीची फणी आली की ती उलटी करून आतल्या बाजूची केळी आधी चाचपते, कारण बाहेरची चांगली ठेवणं कुणालाही जमतं. माझा नवरा पाहुण्यांना सांगतो की लग्नात अंतरपाट खाली यायच्या आत मी वाकून खात्री करून घेतली होती. हे साफ खोटं आहे, पण मला ओळखणाऱ्या माणसांना ते लगेच पटतं.

घरात हा स्वभाव जड जातो, पोटापाण्याच्या कामात मात्र तो उपयोगी पडतो. मी प्रकाशाचा झोत वळवणाऱ्या उपकरणांचा आराखडा करते आणि तयार झाल्यावर ती तपासते. त्यात बोटाच्या पेराएवढा एक स्वच्छ स्फटिक असतो आणि त्याच्या एका अंगाला पातळ चकती चिकटवलेली असते. चकतीला वीज दिली की ती सेकंदाला काही कोटी वेळा थरथरते. ती थरथर म्हणजे कानाला न ऐकू येणारा आवाजच. तो स्फटिकातून लाटांनी पुढे सरकतो. त्या लाटांमधून लेसरचा झोत सोडला की बराचसा प्रकाश सरळ न जाता वळून जातो. थरथर वाढवली की जास्त वळतो, कमी केली की कमी. आरसा हलवायला नको, मोटर फिरवायला नको, आवाजानेच उजेडाला वळण लावायचं. इतकी वर्षं हे काम करते, तरी तो ठिपका भिंतीवर सरकताना दिसला की मला अजून बरं वाटतं.

मी आधी पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला होते. नवऱ्याला बऱ्हाणपूरच्या कॉलेजात शिकवण्याची नोकरी लागली तेव्हा मी राजीनामा द्यायला गेले, तर कंपनीने काम घरून करा म्हटलं. स्फटिक तिकडे कापायचे, चकती तिकडेच बसवायची, मग उपकरण कुरिअरने माझ्याकडे. मी ते तपासून आकडे पाठवायचे. मला मुलूख नवा नव्हता. माझे वडील जळगावकडून येऊन इथून जवळच नेपानगरला कागदाच्या कारखान्यात लागले होते, माझी शाळा तिथलीच. बऱ्हाणपूर तेव्हा आम्हाला मावा-जिलेबीचं गाव म्हणून माहीत होतं, एवढंच.

तपासणीची खोली घराच्या मागच्या अंगाला आहे आणि मागच्या गल्लीत पावरलूम आहेत. दिवसभर खटखट चालते आणि जमीन हलत राहते. आपल्याला ते कळत नाही, पण चार मीटरवरच्या भिंतीवर पडलेल्या लेसरच्या ठिपक्याला कळतं. असल्या कामासाठी हवेवर तरंगणारी टेबलं मिळतात, ती मोठ्या प्रयोगशाळांसाठी. मी कडप्प्याची जाड लादी आणली आणि तिच्या चार कोपऱ्यांखाली स्कूटरच्या चार ट्यूबा ठेवल्या. त्यावर लेसर, त्यावर स्फटिक. ठिपका थरथरायचा थांबला. पुण्याच्या साहेबांनी फोटो मागवून घेतला आणि म्हणे मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवला. तेव्हापासून मी रोज सकाळी अंघोळ झाली की सायकलच्या पंपाने चारही ट्यूबांत हवा भरायची. नवरा देवाची पूजा करायचा आणि मी ट्यूबांची.

आता ताईंबद्दल. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही, इथल्याच एका शाळेत भौतिकशास्त्राचे प्रॅक्टिकल घेण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. हे घर सासऱ्यांचं, म्हणजे खरं तर त्यांचंच, पण त्या पाहुण्यासारख्या वागायच्या. भाजी निवडायला घेतली तरी विचारून घ्यायच्या. त्यांना काहीतरी काम असावं म्हणून मी म्हटलं, दुपारची रीडिंगं तुम्ही घ्या. त्या इतक्या पटकन हो म्हणाल्या की मला आधी का सुचलं नाही असं वाटलं.

पद्धत मी घालून दिली. समोरच्या भिंतीवर मिलिमीटरच्या खुणांची एक उभी पट्टी स्क्रूने बसवलेली होती. न वळलेला प्रकाश जिथे पडतो ते शून्य, वळलेला ठिपका त्याच्या वर. सकाळी हवा भरली की मी पट्टीवर शून्य बघायची आणि वहीच्या पानावर सगळ्यात वर लिहायची. मग थरथर एकेक पायरी वाढवत ठिपक्याची उंची वाचायची आणि त्यातून शून्य वजा करायचं. दुपारी ताईंनी तेच शून्य धरून पुन्हा सगळं करायचं. सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळले तर उपकरण भरवशाचं.

पहिल्याच आठवड्यात पोळ्या लाटता लाटता ताई म्हणाल्या, "अगं, तुझं ते शून्य दुपारी खाली येऊन जातं."

मी म्हटलं, "ताई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा."

त्यांनी पुढची पोळी लाटायला घेतली. मी ते विसरून गेले.

दुसऱ्या महिन्यात जे उपकरण आलं त्याचा आराखडा संपूर्ण माझा होता. चकतीचा आकार, स्फटिकाचा कल, सगळं. आणि त्याची सकाळची रीडिंगं काही केल्या जुळेनात. एका दिवशीचा आकडा दुसऱ्या दिवशी यायचा नाही, दीड-दोन मिलिमीटर इकडे तिकडे. एवढा फरक म्हणजे आराखडा कचऱ्यात. गंमत अशी की ताईंची दुपारची रीडिंगं रोज सारखी. सोमवारची मंगळवारवर ठेवली तर एकावर एक बसतील इतकी. पुण्याहून विचारणा आली की सकाळचे आणि दुपारचे आकडे दोन वेगळ्या उपकरणांचे वाटतात, यातले कुठले खरे ते तुम्ही लिहून कळवा.

शहाण्या बाईने आनंदाने दुपारचे आकडे पाठवले असते. त्यात माझाच फायदा होता. पण चांगली बातमी मला पचत नाही. सकाळी मी घेते, डोळ्यात तेल घालून घेते, तरी आकडे हलतात. आणि साठी उलटलेल्या ताई, त्याच पट्टीवर, त्याच शून्यावरून इतके नीटनेटके आकडे आणतात? कुठंतरी पाणी मुरत होतं.

मला शाळेतलं आठवायला लागलं. आमच्याकडे प्रॅक्टिकलचं जर्नल कसं लिहितात ते सगळ्यांना ठाऊक आहे. लंबकाचा प्रयोग असला की उत्तर आधी माहीत असतं. मग उत्तरावरून मागे मागे येत रीडिंगं तयार करायची, मधेच एखादं थोडं चुकीचं टाकायचं, म्हणजे खरं वाटतं. मी हे केलं आहे. नेपानगरच्या शाळेत ज्या बाई प्रॅक्टिकल घ्यायच्या त्यांना ते दिसायचं आणि त्या सही करायच्या. ताईंनी तर आयुष्यभर हेच पाहिलेलं. चांगली रीडिंगं म्हणजे छान दिसणारी रीडिंगं, असं त्यांच्या हाताला वळण लागलं असेल तर? भावजयीचं काम चांगलं दिसावं म्हणून प्रेमानेसुद्धा केलं असेल. हे प्रेमाचं कारण मला जास्तच खरं वाटलं.

मग मी नजर ठेवायला लागले. दुपारी पुण्याशी बोलणं असायचं, ते संपलं की पाय न वाजवता मागच्या बाजूला जायची. एकदा बघितलं तर ताई व्हरांड्यात खुर्चीवर पाठमोऱ्या बसलेल्या, शेजारी चहा, मांडीवर वही, आणि एकामागून एक आकडे लिहीत चाललेल्या. खोलीचं दार बंद. लेसर आत, बाई बाहेर, आणि रीडिंगं वहीत उतरत होती. मला त्या क्षणी राग आला नाही, जिंकल्यासारखं वाटलं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू घरातल्या माणसांची पण टेस्टिंग करते का?"

"कामाचा प्रश्न आहे."

"मग सीधं विचार तिला."

विचारलं तर त्या नाही म्हणतील आणि मग मला काय कळणार, असा माझा हिशेब होता. मला पुरावा हवा होता. दुसऱ्या दिवशी मी सकाळची रीडिंगं घेतली, शून्य वहीत लिहिलं, आणि ताई आत जेवत असताना भिंतीवरची पट्टी सैल करून तीन मिलिमीटर वर सरकवली आणि पुन्हा घट्ट केली. आता ताई खरंच पट्टी वाचत असतील तर त्यांचे सगळे आकडे तीन मिलिमीटरने कमी यायला हवेत. मनाने लिहीत असतील तर नेहमीचेच येतील.

संध्याकाळी वही उघडली. नेहमीचेच आले होते.

ताई अंगणात वाळलेले कपडे काढत होत्या. मी वही घेऊन तिथेच गेले. निदान कपडे आत येईपर्यंत तरी थांबायला हवं होतं.

"ताई, ही रीडिंगं तुम्ही घेतली की नुसती लिहिली?"

"म्हणजे?"

"मी दुपारी पट्टी तीन मिलिमीटर वर केली होती. तुमच्या आकड्यांत ते कुठंच नाही."

त्यांनी हातातला टॉवेल घडी करून खांद्यावर ठेवला. मग दुसरा काढला, त्याचीही घडी केली. त्यांचा चेहरा मला वाचता येईना.

"तू मले न सांगता पट्टी हलवली?"

"सांगितलं असतं तर कळलं नसतं."

"विचारलं असतं ना, तर मी बिलकुल सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "आता विचारू नको."

त्यांनी उरलेले कपडे काढून आत नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी छोटी बॅग घेऊन तापीपलीकडच्या जैनाबादला मैत्रिणीकडे निघून गेल्या. मैत्रीण त्यांच्याच शाळेतली, एकटी राहणारी. तिने पूर्वीही दोन-तीनदा म्हटलं होतं की माझ्याकडेच राहा, दोघी म्हाताऱ्या सोबत राहू. नवरा त्यांना पुलापलीकडे सोडून आला आणि माझ्यासमोर बसला.

"ती परत नाही आली तर मी तुला काही बोलणार नाही," तो म्हणाला. "पण हे घर तिचं आहे, आणि तुझ्यामुळे ती बाहेर गेली, हे मला रोज आठवेल."

मी म्हटलं, मला पुरावा मिळालाय. तो उठून कॉलेजला गेला.

घरात मी एकटी उरले, आणि संशयी माणूस एकटा उरला की काय करतो? मी ताईंचं कपाट उघडलं. आणखी काहीतरी सापडेल म्हणूनच उघडलं, खोटं कशाला सांगू. साड्यांच्या खाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आत कागदाच्या लांब पट्ट्या होत्या, तारखेप्रमाणे रबर लावून ठेवलेल्या. एकही आकडा नाही, नुसत्या कोऱ्या, कोपऱ्यात फक्त तारीख आणि एक ते दहा असे क्रमांक. सोबत टाचण्यांची डबी आणि स्टीलची फूटपट्टी.

मला काही कळेना. एक पट्टी खिडकीपाशी नेऊन उजेडाला धरली. तिला भोकं होती. खाली एक बारीक भोक, वर फूटभर अंतरावर दुसरं. पुढच्या पट्टीवर तसंच, वरचं भोक जरा आणखी वर.

मग मी खाली जमिनीवरच बसले. शाळेत काचेच्या चिपेचा प्रयोग असतो. कागदावर चीप ठेवायची, टाचण्या टोचून किरणाचा माग काढायचा, मग कागद उचलून भोकांवरून रेघा मारायच्या आणि मोजायचं. ताई तेच करत होत्या. भिंतीवर कागद लावायचा, न वळलेल्या ठिपक्याच्या मधोमध एक टाचणी, वळलेल्या ठिपक्याच्या मधोमध दुसरी. प्रत्येक रीडिंगला नवा कागद, म्हणजे प्रत्येक रीडिंगला नवं शून्य. सगळे कागद व्हरांड्यात आणायचे आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून उजेडात बसून फूटपट्टीने मोजून एकदम लिहायचे. माझी भिंतीवरची पट्टी त्या वापरतच नव्हत्या. ती तीन मिलिमीटर वर केली काय आणि छताला लावली काय, त्यांना काय फरक पडणार होता? माझ्या सापळ्याने खोटं बोलणाऱ्याला पकडलं असतं, तसंच माझ्यापेक्षा चांगलं काम करणाऱ्यालाही पकडलं. दोघांत फरक करायची सोय मी ठेवलीच नव्हती.

पण मग माझी रीडिंगं का हलत होती? शून्य दुपारी खाली येतं, हे त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. मी चारही ट्यूबा काढून न्हाणीघरात नेल्या आणि एकेक बादलीत बुडवली. चौथीतून बारीक बुडबुडे यायला लागले. मी रोज सकाळी टम्म हवा भरायची, शून्य बघायची, आणि पुढचा तासभर लादीचा तो एक कोपरा केसाकेसाने खाली बसत जायचा. लादीबरोबर लेसर, लेसरबरोबर सगळे ठिपके. माझं शून्य सकाळीच खोटं पडायचं आणि दहाव्या रीडिंगपर्यंत मी त्याच खोट्या शून्यातून वजाबाकी करत बसायची. ज्या टेबलाचा फोटो पुण्याला दाखवला होता त्याच टेबलाला पंक्चर होतं. दूध तपासलं, केळी तपासली, नणंद तपासली. स्वतःची ट्यूब तेवढी तपासली नाही.

दुपारी जैनाबादला गेले. डबा पिशवीत घेतला होता. ताई आणि त्यांची मैत्रीण तांदूळ निवडत बसल्या होत्या. मैत्रीण मला बघून पाणी आणायला आत गेली आणि मुद्दाम आतच थांबली. मी डबा पुढे ठेवला.

"कपाट उघडलं का माझं?" ताई म्हणाल्या.

"हो."

"ते पण न विचारता."

"हो. ताई, माझं चुकलं. चौथी ट्यूब पंक्चर आहे. तुम्ही सांगितलं होतं, मी तुम्हाला चष्मा तपासायला सांगितला."

त्या तांदळातला खडा शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, पोरं जर्नलात मनाचं लिहायची ना, ते मी लाल पेननं काटत होती. शाळेत सगळे म्हणायचे, कायले काटता, पास होऊ द्या. सगळ्या नोकरीत एक पण खोट्या रीडिंगवर माझी सही नाई. आणि घरी येऊन तू मले हे विचारलं, हातात टॉवेल असताना."

मला रडू आलं. त्यांनी मला गप्प केलं नाही, रडू दिलं.

"येते मी," शेवटी त्या म्हणाल्या. "पण काम शाळेच्या कायद्यानं होईल. माझ्या हर एक रीडिंगवर तुझी सही, तुझ्या हर एकावर माझी. त्याच दिवशी. आणि मागची पण."

त्या परत आल्या. नवीन ट्यूब बसवली, आणि आता शून्य प्रत्येक रीडिंगला नव्याने घेतो. सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळले. पुण्याला मी दुपारची सगळी रीडिंगं खरी असल्याचं आणि आता प्रत्येकावर दोघींच्या सह्या असतील असं कळवलं. त्यांनी उत्तर पाठवलं की उपकरण पसंत आहे, मात्र मूळ वहीच्या पानांचे फोटो पाठवा, सह्यांसकट.

तेव्हा मी आणि ताई व्हरांड्यात बसून मागच्या सह्या करायला लागलो. मी त्यांच्या रीडिंगांवर, शेजारी टाचणीच्या भोकांची कागदी पट्टी ठेवून, एकेक मोजून. त्यांनी तसंच मोजायला लावलं, नुसतं बघून सही चालणार नाही म्हणाल्या. त्या माझ्या चुकलेल्या रीडिंगांवर सही करत गेल्या. चुकलेलं रीडिंग खोटं नसतं, ट्यूब बसत होती म्हणून तसं आलं, असं म्हणत प्रत्येक पानावर शेऱ्याच्या रकान्यात ट्यूबेबद्दल लिहून सही. शेवटी ते पान आलं. त्यांचा हात थांबला.

"या दिवशी पट्टी हलवली होती?"

"हो. दुपारी."

"वहीत कुठं आहे?"

वहीत नव्हतं. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, की आज दुपारच्या रीडिंगांआधी पट्टी तीन मिलिमीटर वर सरकवली. वही त्यांच्याकडे केली. त्यांनी वाचलं आणि परत माझ्याकडे सरकवली.

"कारण?"

"ताई, हे पान पुण्याला जाणार आहे."

"मले माहीत आहे."

मी लिहिलं, की दुपारची रीडिंगं घेणाऱ्या व्यक्तीवर मला संशय होता, तो चुकीचा निघाला. ताईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, खाली सही केली, आणि टाचण्यांची डबी घेऊन दुपारच्या रीडिंगांसाठी आत गेल्या.